गोळ्या संपल्या, पण जंतू गेला का? सोलापुरातला माझा अनुभव

पोटातला एच. पायलोरी हा जंतू औषधानं मेला की नाही, हे रक्त तपासून कळत नाही. एवढी एक गोष्ट मला त्या लॅबच्या काउंटरवर शेवटपर्यंत पटवता आली नाही. त्याचा राग अजून डोक्यात आहे, म्हणून लिहितोय.

आधीचं थोडक्यात सांगतो. जेवलं की पोट गच्च, सारखे ढेकर, रात्री जळजळ. घरच्यांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं: शेंगाची चटणी. सोलापुरात राहून चटणी आणि कडक भाकरी सोडायची म्हणजे शिक्षाच, तरी सोडली. फरक शून्य. माझे वडील जठराच्या कॅन्सरनं गेलेले. ते ऐकल्यावर पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्यांवर न भागवता सरळ एंडोस्कोपी करायला सांगितली. घशात फवारा, थोडी ओकारी, संपलं. लोक उगाच घाबरतात.

बायोप्सीत दोन गोष्टी निघाल्या. एच. पायलोरी आहे, आणि जठराच्या खालच्या भागात इंटेस्टायनल मेटाप्लेझिया. घरात कुणाला काही कळलं नाही, पण बायकोनं त्याच संध्याकाळी सिद्धेश्वराला नवस बोलून टाकला. डॉक्टरांनी मात्र कागदावर काढून नीट समजावलं. हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि वर्षानुवर्षं अस्तराला सूज ठेवतो. त्यातून काहींच्या जठरातल्या ग्रंथी झिजत जातात, त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. हीच ती मेटाप्लेझिया, आणि मी त्या पायरीवर. त्याच्या पुढे डिसप्लेझिया, म्हणजे पेशींची ठेवणच बिघडणं, आणि त्याच्याही पुढे कॅन्सर. ही शिडी चढायला दशकं लागतात आणि बहुतेक लोक वरपर्यंत पोचतच नाहीत. जंतू मारला की पुढे सरकण्याचा धोका कमी होतो. उगवलेल्या पेशी मात्र बऱ्याचदा तशाच राहतात.

मग 14 दिवसांचा कोर्स: पॅन्टोप्राझोल, बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल. तोंडाला सतत धातूची चव आणि संडास काळी. ही काळी संडास बिस्मथमुळे होते हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर रक्तच पडतंय असं वाटलं असतं. मी एकही डोस चुकवला नाही, त्याचा मला अभिमान आहे.

आता मुख्य रडगाणं.

जंतू गेला का, हे गोळ्या संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी बघायचं असतं. त्याआधी 2 आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवायची. कारण तिच्यामुळे जंतू दबून राहतो आणि असूनही तपासणीत ‘नाही’ येऊ शकतं. एक तर फुंकर मारून करायची यूरिया ब्रेथ टेस्ट, नाहीतर स्टूल अँटिजेन, म्हणजे संडासच्या नमुन्यात जंतूचे अंश शोधणं. माझ्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात स्टूल अँटिजेन लिहिलं होतं. मी पॅन्टोप्राझोल बंद केली, छातीत जाळ सोसला आणि ठरल्या दिवशी सकाळी डबी घेऊन लॅबमध्ये गेलो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, आमच्या सिस्टिमला एच. पायलोरी एकच येतंय. रक्त देऊन जावा.”

“ताई, चिठ्ठीवर स्टूल लिहिलंय.”

“तेच ते ओ काका. जंतू तोच की.”

मी हटलो नाही, तेव्हा आतून त्यांचे साहेब आले. डॉक्टरांना हेच चालतं, आमचं रोजचं आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. रक्त घेतलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, तोही ठळक अक्षरात. इतकं सोसूनही जंतू तिथंच, आणि वर ती मेटाप्लेझिया. रात्रभर घरात कुणी नीट झोपलं नाही.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि बाजूला सारला. रक्तात सापडतात त्या अँटीबॉडी, म्हणजे शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. जंतू मेला तरी त्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. 1984 साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल यांनी हा जंतू स्वतः पिऊन आपल्या जठराला सूज आणून दाखवली. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. 2005 साली मार्शल आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी नोबेल मिळालं. एवढं सगळं होऊनही आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला ‘एच. पायलोरी एकच येतंय’!

परत त्याच लॅबमध्ये गेलो, कारण पैसे तिथं भरलेले. भांडल्यावर स्टूल अँटिजेन सापडली त्यांच्या यादीत, खाली कुठेतरी. नमुना पुण्याला जाणार होता. डबी दिली. मे महिना, बाहेर 40 अंशांच्या वर. मी पावती घेऊन वळलो तेव्हा डबी अजून काउंटरवरच, खिडकीजवळ. “फ्रीजमध्ये ठेवा” म्हटलं, तर “ठेवतो की काका.” बरेच दिवस काहीच कळवलं नाही. शेवटी मीच फोन केला, तेव्हा समजलं की पुण्याहून नमुना अयोग्य म्हणून नाकारला होता.

आणि या सगळ्या काळात माझी पॅन्टोप्राझोल बंदच. रात्री उशा रचून बसून झोपायचं. तोच साहेब मला म्हणतो, “त्रास होतोय तर घ्या की एखादी गोळी, काय होतंय त्यानं?” काय होतंय ते मी त्याला त्याच्याच लॅबमध्ये उभं राहून सांगितलं. जरा आवाज चढवूनच.

दुसरी लॅब शोधली. जाण्याआधी फोनवरच विचारून घेतलं: स्टूल अँटिजेनच करता ना, नमुना थंड ठेवता ना, आणि पुण्याची गाडी किती वाजता निघते? गाडीच्या वेळेआधी थोडा वेळ डबी नेऊन दिली. माझ्या डोळ्यांदेखत बर्फाच्या पॅकमध्ये ठेवली. रिपोर्ट निगेटिव्ह. मी गाडी काढून सरळ नव्या पेठेत गेलो आणि शेंगाची चटणी घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले होतेच, तिखटापेक्षा मिठाचं प्रमाण बघा.

ज्यांची एंडोस्कोपी व्हायची आहे त्यांच्यासाठी एक सांगायचं राहिलं. बायोप्सीचे तुकडे जठराच्या खालच्या आणि वरच्या भागातून घेऊन वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवणार का, हे आधीच विचारा. बदल कुठपर्यंत पसरलाय हे त्यावरूनच कळतं. माझा खालच्याच भागात होता. तरी वडिलांमुळे 3 वर्षांनी परत दुर्बीण घालायची आहे. एंडोस्कोपीच्या आधी सतत जळजळ होते म्हणून पॅन्टोप्राझोल मनानं चालू-बंद करत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

धाकट्या भावालाही तपासायला पाठवलंय, वडील एकच ना. आणि बायोप्सीचा मूळ कागद टाकू नका. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करतात. लॅबच्या मोबाईल लिंका काही महिन्यांत उघडेनाशा होतात, माझी झाली आहे.