विहिरीचा दगड: तिसऱ्या महिन्याची नोंद

खनिजांतल्या हॅलोजनचे (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, समजून घ्यायचा नाद लागला, त्याचा हा तिसरा महिना. मे महिन्यात भोकरदनकडे मेव्हण्याच्या शेतात विहिरीचं काम सुरू होतं. ४० फुटांवर सुरुंग उडाले आणि यारीनं वर आलेल्या दगडात एक पोकळी चकाकली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाणी नाही लागलं, पण तुमचा माल लागला!"

माल म्हणजे अपोफायलाइट. चौकोनी, पाणीदार स्फटिक, माथ्यावर मोत्याची झाक, भोवती स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजाच्या पिवळसर पेंढ्या. आपल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, लाव्हा ओतला गेला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत हे स्फटिक मागाहून, खडकात फिरणाऱ्या गरम पाण्यातून वाढले. अपोफायलाइटमध्ये फ्लोरीन असतो, म्हणून मी हरखून गेलो. हॅलोजनचे आयसोटोप वाचायचं डोक्यात घेतलंच होतं, आणि हे तर आयतं घरी आलेलं!

पण तिथंच फसलो. फ्लोरीनचा स्थिर आयसोटोप एकच, १९ वजनाचा. तुलना करायला जोडीदारच नाही. आयोडीनचंही तेच, १२७ एवढाच. उरतात क्लोरीन आणि ब्रोमीन. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ जवळपास निम्मे निम्मे. क्लोरीनचे ३५ आणि ३७ साधारण तीनास एक. शाळेच्या तक्त्यातला ३५.४५ हा अपूर्णांक आला तो यामुळेच. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोरीनमधलं ३७ आणि ३५ चं प्रमाण शून्य धरायचं आणि नमुन्याचा त्यापासूनचा फरक हजारात किती, ते सांगायचं. उष्णता जितकी जास्त, तितकी जड-हलक्याची निवड कमी. म्हणून मॅग्मातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून, बनलेलं खनिज आपल्या उगमाचा क्लोरीन बराचसा जसाच्या तसा जपतं, आणि पृथ्वीवरच्या मॅग्मांचे बहुतेक आकडे शून्याच्या आसपासच घुटमळतात. ज्वालामुखीच्या वाफांत मात्र ते जास्त हलतात.

चंद्राची गोष्ट निराळी. २०१० साली भूरसायनशास्त्रज्ञ झॅकरी शार्प आणि सहकाऱ्यांनी चांद्र खडकांत हजारात २४ पर्यंत जड क्लोरीन दाखवला. त्यांचं म्हणणं असं, की तिथल्या मॅग्मात हायड्रोजन जवळपास नव्हता, क्लोरीन धातूंच्या क्लोराइडच्या रूपानं उडाला आणि हलका आयसोटोप आधी गेला. पुढे यावर दुसरी मतंही आली. मला मात्र ही कल्पना भारी आवडते: काय उडून गेलं, ते उरलेलं सांगतं.

म्हणून मोर्चा क्लोरीन धरून ठेवणाऱ्या अपेटाइट या खनिजाकडे वळवला. याच्या स्फटिकात लांबीच्या दिशेनं नळ्या असतात, त्यांत फ्लोरीन, क्लोरीन किंवा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसतो. बेसाल्टमध्ये तो बारीक सुयांसारखा सापडतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घरीच दगडाचा पातळ काप करायला घेतला: टाइल कटर, काच, कार्बोरंडम पावडर, अॅराल्डाइट. लक्ष्य ०.०३ मिलिमीटर. पहिला काप घासता घासता काचेवरून नाहीसाच झाला. दुसरा जाड राहिला. दोन पोलरॉइड चकत्यांमध्ये (प्रकाश एकाच दिशेचा गाळणाऱ्या) धरल्यावर त्यातलं प्लॅजिओक्लेज, म्हणजे फेल्डस्पार खनिजाचा एक प्रकार, पिवळं दिसलं, खरं तर ते राखाडी-पांढरं दिसायला हवं. तिसरा जमला. फेल्डस्पारच्या पोटात अपेटाइटच्या तीन-चार रंगहीन काड्या, उठावदार कडा, एक आडवी कापलेली तर षटकोनी! रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवली. तिनं "हं" केलं.

आता खरी अडचण. आयन प्रोब हे आयसोटोप मोजायचं यंत्र सीझियमच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून एका ठिपक्यातून क्लोरीन उपटतं, पण ठिपका दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझी सुई त्याहून बारीक, म्हणजे शेजारचा फेल्डस्पारही त्यात येणार. वर माझा सगळा काप इपॉक्सीत (अॅराल्डाइट म्हणजे तेच) चिकटवलेला, आणि इपॉक्सी बनवतानाचा क्लोरीन तिच्यात उरलेला असतो. घासायला वापरलं बोअरचं पाणी, शिवाय कपाळाचा घाम. क्लोरीनसाठी यापेक्षा बरबटलेला नमुना शोधून सापडायचा नाही. म्हणूनच प्रयोगशाळांत असे कण मऊ इंडियम धातूत दाबून बसवतात. आपण फक्त बघायचं काम करतोय, हे पक्कं कळलं.

पुढच्या महिन्यात जाड कणांची डाइक, म्हणजे खडकाच्या भेगेत घुसून थिजलेल्या मॅग्माची भिंत, शोधतो. सावकाश थंड झालेल्या खडकात अपेटाइट जाडजूड मिळण्याची आशा जास्त. कुणाला खदानीवर दिसली तर फक्त मुठीएवढा तुकडा ठेवा, धुऊ नका.

आणि हो, विहिरीला ५५ फुटांवर पाणी लागलं. थोडं मचूळ आहे. मेव्हणा विचारतोय, दाजी, आता याचा क्लोरीन कुठला?