आमची वाटचाल: मक्याच्या पेरापासून

सांगलीत आम्ही कॉलेजांसाठी वनस्पतिशास्त्राच्या पर्मनंट स्लाइड्स बनवतो. घरातल्या एका खोलीत, जुन्या मायक्रोस्कोपवर आणि हाताने काप घेत काम सुरू केले. पहिली मागणी मक्याच्या खोडाची आली. आजही सर्वांत जास्त तीच स्लाइड जाते.

सूर्यफुलाचे खोड त्या मानाने सोपे, त्यात बंडल (पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे) एका वलयात असतात. मक्यात ते सगळीकडे विखुरलेले असतात, सालीकडे लहान आणि दाट, आत मोठे आणि विरळ. प्रत्येक बंडलभोवती दृढ पेशींचे टणक आवरण आणि मधली ऊती मात्र मऊ. पात्याची धार जराशी गेली की बंडल ओढले जाते आणि शेजारच्या पेशी फाटतात. म्हणून तुरा येण्याआधीचे कोवळे पेर शेतातून आणून लगेच फॉर्मालिन, ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकतो. पुढे कर्ज काढून रोटरी मायक्रोटोम (अगदी पातळ काप घेणारे यंत्र) घेतला, तेव्हापासून मेणात बसवलेल्या पेराचे १२ मायक्रॉनचे काप मिळू लागले.

सॅफ्रानिन या रंगाने पेशींच्या लिग्निनच्या (लाकडासारख्या टणक) भिंती लाल होतात, फास्ट ग्रीन या रंगाने सेल्युलोजच्या हिरव्या. नीट रंगलेले बंडल चेहऱ्यासारखे दिसते: दोन मोठ्या जलवाहिन्या म्हणजे डोळे, केंद्राच्या बाजूची प्रोटोझायलेमची (सर्वांत आधी तयार झालेल्या जलवाहक ऊतीची) पोकळी म्हणजे तोंड. झायलेम (पाणी वाहणारी ऊती) आणि फ्लोएम (अन्न वाहणारी ऊती) यांच्यामध्ये कॅम्बियम, म्हणजे खोड जाड करणारा पेशींचा थर, नाही, हे मुलांना स्वतः दिसले पाहिजे. आंब्याचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि मक्याचे, उसाचे का होत नाही, ते तिथेच कळते. पुष्कळ मुलांना आकृती तोंडपाठ असते, पण धूसर स्लाइडवर बंडल सापडत नाही. यात मुलांचा दोष नाही. म्हणूनच आमच्याकडची प्रत्येक स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय पॅक होत नाही.

नंतर मक्याचे पान आणि मूळ, कर्दळीचे खोड, ऑर्किडचे हवेतले मूळ अशी भर पडत गेली. गवतवर्गीय पानांत सिलिका असल्याने मायक्रोटोमची पाती लवकर बोथट होतात, त्यामुळे पानाची स्लाइड थोडी महाग पडते.

सध्या ड्रॅसिना या शोभेच्या झाडाच्या खोडावर काम चालू आहे. मक्यासारखे एकदल असूनही ते जाड होते, कारण बाहेरच्या बाजूची विभाजी (सतत नव्या पेशी तयार करणारी) ऊती आत नवनवी बंडल तयार करत राहते. जुने खोड फार कठीण असते, ग्लिसरीन-अल्कोहोलमध्ये बरेच दिवस मुरवावे लागते. काप स्वच्छ यायला लागले की पदवीच्या संचात ही स्लाइड देऊ.