एक्सेलमधला ‘समाज’ कॉलम

माझं दुकान झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाईन फॉर्मचं, रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याला. शहराचं नाव लिहीत नाही, उद्या तिथंच शटर उघडायचंय. नगरपरिषदेचं इलेक्शन २०१६ नंतर थेट २०२५ ला लागलं, म्हणजे इच्छुक नऊ वर्षांचे तुंबलेले. एका पक्षाच्या तालुकाध्यक्षांनी मला लॅपटॉप घेऊन हॉलवर बोलावलं, म्हणाले मुलाखती आहेत, तू फक्त टाईप करत बस.

मला वाटलेलं गटारं, पाणी, कचरा असलं काहीतरी विचारतील. कसलं काय. खर्च किती करणार, भावकी केवढी, आणि तिकीट नाही मिळालं तर काय करणार, बस. कॉलमही तसेच करायला सांगितले, नाव, प्रभाग, समाज, घरं, मतं, खर्च. भंडारी, कुणबी, मराठा, खारवी, मुस्लिम, बौद्ध, तेली, मी आपला सॉर्ट मारतोय. आणि खरं सांगतो, दुपारपर्यंत मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

बायकांच्या अर्ध्या जागा, ओबीसी, एससी हे सोडतीत ठरूनच येतं, तिथं पक्षाचं काही चालत नाही. भानगड असते ती ओपनच्या जागांवर. आमच्याकडे एका प्रभागात दोन जागा, अ आणि ब, म्हणून नगरसेवकासाठी प्रत्येकाला दोन मतं. प्रभाग ३ मध्ये भंडारवाडा आणि मोहल्ला, मध्ये फक्त एक पऱ्या, म्हणजे ओढा. ३ अ ओबीसीला सुटलेली, तिथं भंडारी उमेदवार पक्का. ३ ब सर्वसाधारण महिला, ती मोहल्ल्यातल्या एक भाभी मागत होत्या. बारा वर्षं बचत गट चालवतायत, गटातल्या कितीतरी बायकांना सही करायला त्यांनीच शिकवलंय, मी बघितलंय, माझ्याच काऊंटरवर.

जिल्ह्यावरनं आलेले साहेब म्हणाले, "नाय जमणार. भंडारवाडा अ ला आपलं बटण दाबेल नि ब ला दुसऱ्याचं."

कोणीतरी विचारलं, मग मोहल्ला अ ला आपल्या भंडाऱ्याला देईल का? तर म्हणे, "ते देणारच, जातायत कुठं!"

कोपऱ्यात पक्षाचे एक जुने काका होते, ते उसळले. "अरे राजापुरातनं मधु दंडवते १९७१ पासून पाचदा लोकसभेवर निवडून गेले, माणूस जन्माने नगरचा, तेव्हा कोणी घरं मोजली होती?" साहेब हसून म्हणाले, काका, तेव्हा बटण एकच दाबायचं होतं. (बटणंच नव्हती तेव्हा, शिक्के होते, पण ते कोण बोलणार.)

३ ब गेली एका कॉन्ट्रॅक्टरच्या वहिनीला, खर्चाच्या कॉलममुळे. मग साहेब म्हणाले, लिस्ट पेपरात जाणार, एक मुस्लिम नाव दिसायला पायजे. भाभींना ७ ब द्या. प्रभाग ७ म्हणजे वरचा सडा, कातळाचं पठार, नवीन बिल्डिंगा, पक्ष तिथं कधीच आलेला नाही, आणि मोहल्ल्यातली म्हणावी अशी घरं अकरा.

शेवटच्या दिवशी तीनला फॉर्म बंद होणार. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीची पत्रं, नेहमीप्रमाणे आदल्या रात्रीपर्यंत दाबून ठेवलेले, बंडखोरीच्या भीतीने. भाभी दीड वाजता दुकानात आल्या, मुलगा बरोबर, हातात फाईल. फॉर्म भरून झाला, सूचकाच्या रकान्यावर अडलो. सूचक त्याच प्रभागातला मतदार लागतो. तालुकाध्यक्ष फोन उचलेनात.

भाभींची नजर स्क्रीनवर गेली, मी मूर्खासारखी ती फाईल खाली उघडीच ठेवलेली. मला म्हणाल्या, "बघू." मी मॉनिटर फिरवला. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं, समाजाचा कॉलम, घरांचा कॉलम. मला वाटलं आता फॉर्म फाडतात.

"भाऊ, तीनमधी आमची घरां दोनशे दहा लिवलीव?"

"हो."

"दोनशे चाळीस हायत. नीट करा."

मी आकडा बदलला, सेव्ह केलं. मग सूचकाच्या रकान्यात माझंच नाव टाकलं, मी सड्यावरच राहतो, प्रभाग ७. यादी भाग आणि अनुक्रमांक शोधावा लागला नाही, सकाळपासून दुसऱ्यांचे काढून काढून स्वतःचा पाठ झालेला. प्रिंट काढून सही केली, दोन चाळीसला त्या गेटच्या आत होत्या.

संध्याकाळी तालुकाध्यक्षांचा फोन. तू आपला माणूस कधीपासून झालास म्हणे. मी म्हटलं साहेब, हॉलवरच्या टायपिंगचं बिल अजून बाकी आहे.