कपाचा कान

आठवीत एलिमेंटरीच्या तयारीला चित्रकलेच्या बाईंनी टेबलावर तांब्या आणि कपबशी मांडली होती. माझं वस्तुचित्र बघून त्या म्हणाल्या, "या कानात बोट जाईल का तुझं? जा, उचलून बघ आधी." मी कप उचलला. तर्जनी कानात, अंगठा वर, मधलं बोट खालून टेकलेलं. रोज चहा पीत होते, पण हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे ठाण्याहून लोकलने जे. जे., मग अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची संस्था. तिथल्या ग्रंथालयात मला पुस्तकातून इव्हा झायझेल भेटली, चिनी मातीच्या भांड्यांची डिझायनर. जन्म १९०६, बुडापेस्टचा. चित्रकलेचं शिक्षण सोडून ही मुलगी कुंभाराकडे उमेदवारीला राहिली. पुढे रशियात चिनी माती आणि काचेच्या उद्योगाची कलाप्रमुख झाली, आणि १९३६ मध्ये स्टॅलिनच्या हत्येच्या कटाचा खोटा आरोप येऊन १६ महिने तुरुंगात गेली. त्यातून सुटून अमेरिकेत पोचलेल्या या बाईने घडवलेली पांढरीशुभ्र भांडी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली. शंभरी ओलांडल्यावरही ती काम करत होती. तिची भांडी नुसत्या फोटोत पाहिली तरी हात पुढे होतो.

पहिली नोकरी कपबश्यांच्या कारखान्यात. माझ्या पहिल्याच डिझाइनचे कप भट्टीतून निघाले ते कानाच्या जोडावर चिरा घेऊन. मला रडूच फुटलं. एका जुन्या कारागिराने शांतपणे समजावलं: कप अर्धा सुकलेला आणि कान ओला असला, की कान जास्त आकसतो आणि जोड फाटतो. दोघांचा ओलावा सारखा हवा. शिवाय सुकून, भाजून माती शेकडा दहा-बारा तरी आकसतेच, म्हणून कान मुळातच मोठा काढायचा. बाईंचा बोटाचा प्रश्न तेव्हा पुन्हा आठवला.

आता कळव्यात माझा गाळा आहे, स्वतःची भट्टी आहे. पावसाळ्यात माती सुकता सुकत नाही, तरी गाव सोडवत नाही.

बाई नौपाड्यातच असतात. संधिवाताने बोटं वाकली आहेत. दिवाळीत त्यांच्यासाठी दोन बोटं सहज जातील असा कानाचा कप घेऊन गेले. त्यांनी रिकामाच कप उचलला, दोन-तीनदा तोलला आणि म्हणाल्या, "खालून मधल्या बोटाला टोचतंय गं."

नवा नमुना फळीवर सुकतोय. पुढच्या भट्टीत घालेन.