नख उपटायचं नाही, उचलायचं

पोराच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं म्हणून ऑक्टोबरात पोडोलोगिनकडे, म्हणजे पावलांवर उपचार करणाऱ्या बाईकडे, फोन केला आणि तारीख मिळाली डिसेंबरातली. तोवर त्या अंगठ्याचं काय करायचं, असं विचारलं तर फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सैल बूट घाला," आणि शुभेच्छा देऊन फोन ठेवला. इथे जर्मनीत नकारसुद्धा इतक्या नम्रपणे देतात की भांडायला जागाच उरत नाही. अमळनेरची बाई मी, भांडण पोटात ठेवून झोपणं मला जमत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

ज्यांचं नख कधी मांसात रुतलं नाही त्यांना हे सगळं नाटक वाटेल. अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूची कड लाल आणि चकचकीत झालेली, नखाच्या काठावर ओलसर वाढीव मांस आलेलं, मोजा काढताना तो चिकटून यायचा. रात्री पांघरुणाचा काठ लागला तरी पोरगं ओरडायचं. चौदा वर्षांचा, माझ्यापेक्षा उंच, फुटबॉलमध्ये गुडघा फुटला तरी न रडणारा मुलगा. या वयात हे दुखणं फार दिसतं म्हणे. पायाला घाम येतो, पाय वाढत असतो आणि बूट मात्र गेल्या वर्षीचे. त्यात फुटबॉलचे बूट घट्टच हवेत असा पोरांचा आग्रह. आणि ही पोरं नखं कापत नाहीत, खुडतात. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताने नखाचा कोपरा ओढत बसलेले. खुडलेल्या नखाचं एक बारीक टोक कडेला आत राहतं आणि नख पुढे वाढतं तसं ते मांसात घुसत जातं.

आता थोडं पैशांचं, कारण मला राग त्याचाच आला होता. इथे पगारातून आरोग्य विम्याचे १४.६ टक्के जातात, वर विमा कंपनीचा जादा हप्ता वेगळा. अर्धा भार मालक उचलतो हे मान्य. तरी पगाराच्या चिठ्ठीवर तो आकडा दर महिन्याला डोळ्यांत खुपतो. एवढं भरून अंगठ्याला दोन महिने थांबा? ११६११७ हा दवाखाने बंद असतानाचा नंबर, तोही लावून पाहिला. ताप आहे का, लाली पायावर वर चढतेय का, पोराला शुगर आहे का, असं सगळं नीट विचारून घेतलं आणि मग ही तातडीची केस नाही, असं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी अमळनेरात कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसा, नंबर येतोच. कंपाउंडर ओळखीचा असला तर लवकरही येतो.

मग घरीच सुरू केलं. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवायचा, नंतर बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा पुसायचा. कातडी मऊ असतानाच कडेचं मांस बोटाने हळूहळू नखापासून बाजूला ढकलायचं. कापसाची अगदी बारीक वात वळून नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायची आणि ती रोज बदलायची. दुखलं तर गोळी. ऑक्टोबरच्या थंडीत मोजावर सँडल घालून शाळेत पाठवला. शाळेत हसले असतील, त्याने घरी सांगितलं नाही. आणि कोपरा कापून टाकायचा नाही. हे सगळ्यात अवघड, कारण तो कापला की लगेच बरं वाटतं. पंधरा दिवसांनी तेच नख आणखी खोलवर उगवतं.

मायला व्हिडिओ कॉलवर अंगठा दाखवला. ती म्हणाली, "इतलासा नखले डॉक्टर कसाले लागस वं? लिंबू बांध." नखुरडं झालं की लिंबाला भोक पाडून, आत हळद भरून बोट खुपसून ठेवायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मी लहानपणी शाळेचा पूर्ण दिवस हाताला लिंबू बांधून बसलेली आहे. पण ते हाताचं बोट होतं आणि लिंबू आपलं कागदी. इथली लिंबं जाड सालीची, आणि पोराच्या अंगठ्याच्या मापाचं भोक पाडलं तर लिंबू उरतच नाही. त्यात उघड्या मांसावर लिंबाचा रस! तरी मी विषय काढून पाहिला. पोरगं बाथरूममध्ये गेलं आणि आतून कडी लावून बसलं. काकांनी बिब्ब्याचा चटका सुचवला. तो मी ऐकलाच नाही असं केलं. बिब्ब्याने कातडीवर फोड येतात, हे आमच्या वाड्यात मी डोळ्यांनी पाहिलंय.

खालच्या मजल्यावरच्या आजींशी आमचे संबंध तोवर बेताचेच होते. रविवारी मिक्सर लावला म्हणून त्या एकदा वर येऊन गेल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी होती, खलबत्त्यात केली असती तर आवाज आणखी गेला असता, पण ते त्यांना कोण सांगणार? जिन्यात लंगडणारा पोरगा त्यांना दिसला आणि संध्याकाळी त्या दारात हजर. एका हातात साबणाची पिवळट वडी, दुसऱ्या हातात काळ्या मलमाची ट्यूब. साबण बिनवासाचा, साधा, कपड्याच्या साबणासारखा. त्याचा कीस गरम पाण्यात विरघळवून त्यात पाय सोडायचा. मलम ओढून काढणारं. आतली घाण वर आणतं म्हणे. ट्यूब उघडली आणि घरभर मे महिन्यात जळगावच्या हायवेवर डांबर पातळ होतं तेव्हाचा वास सुटला. ते खरोखर दगडातूनच काढतात, तेलाचा अंश असलेल्या शेल नावाच्या दगडातून. हँबुर्गात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचा धंदा उभा राहिला, अशी माहिती आजींनी अभिमानाने दिली. जर्मन मलम, दगड मात्र मुळात शेजारच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलचा.

नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कॉलवर ट्यूब दाखवली तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, हे इक्थॅमॉल. आमच्याकडे ग्लिसरीनमध्ये कालवून मोठ्या बरणीत असायचं. फोडाला लावायचो, कानातसुद्धा भरायचो." एवढं सांगून ते परत वर्तमानपत्रात शिरले. मला मात्र उगाच बरं वाटलं. आजींना ते सांगायचा मोह झाला होता, पण त्या खरंच कळवळून आल्या होत्या. राहू दिलं.

मधे मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. पू दिसतोय, अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स द्या, असं मीच सुचवलं. डॉक्टरबाईंनी दिला नाही. नखाचं टोक आत आहे तोवर गोळ्या घेऊन उपयोग नाही, आधी टोक काढायला हवं, म्हणाल्या. लाली पाऊलभर पसरली किंवा ताप आला तर मात्र वेळ न घेता थेट या. मला तेव्हा ते टाळाटाळ वाटलं. आपल्याकडे मेडिकलवाला सुद्धा न विचारता पट्टी कापून देतो, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली ती पोडोलोगिनसाठी. ज्यांच्याकडची तारीख डिसेंबरात होती त्याच.

रद्द झालेली एक वेळ मिळाली आणि आम्ही नोव्हेंबरातच पोचलो. आता जे लिहिते आहे ते जरा जास्त होईल, पण मला राहवत नाही. ही बाई डॉक्टर नाही आणि पार्लरवालीही नाही. पूर्ण वेळ दोन वर्षं फक्त पावलांचं शिक्षण, मग सरकारी परीक्षा. २००२ सालापासून इथे त्यासाठी कायदा आहे, परवान्याशिवाय कुणी पोडोलोगिन म्हणवून घेऊ शकत नाही. पावलांसाठी कायदा! तिने पोराला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतला आणि आधी ते काळं मलम स्वच्छ पुसून काढलं. त्याने सगळं काळं होतं, खालची कातडी कशी आहे ते मला दिसत नाही, एवढंच म्हणाली.

मग भिंगाचा दिवा ओढून बोथट टोकाची सळी नखाच्या कडेने फिरवली. पोराने खुर्चीचे हात घट्ट धरले. एका जागी ती थांबली, चिमटीसारख्या बारीक पक्कडीने काहीतरी पकडलं आणि सरळ पुढे ओढलं. पांढऱ्या गॉजवर ठेवून आम्हाला दाखवलं. तांदळाच्या दाण्याहून लहान, एका बाजूने धारदार, नखाचा तिरका तुकडा. एवढ्याशासाठी दीड महिना घर लंगडत होतं. कडेच्या खाचेत तिने मऊ धाग्यांची पट्टी औषधात भिजवून बसवली. नंतर नखाचा पृष्ठभाग पुसून, किंचित खरबरीत करून त्यावर आडवी एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चिकटवली, काही मिलिमीटर रुंद. पट्टी मुळात सरळ, नख वाकडं. पट्टी सरळ व्हायला बघते आणि तिच्याबरोबर नखाच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. भूल नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब म्हणाल तर एखादा. चार-सहा आठवड्यांनी पट्टी बदलायची आणि हे काही महिने चालवायचं, कारण अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. २०२२ च्या जुलैपासून ही पट्टीही सरकारी विम्यातून होते, आणि पोरगं अठराच्या आतलं म्हणून आमच्या खिशातून काहीच गेलं नाही. १४.६ टक्क्यांबद्दल वर लिहिलेलं मी खोडत नाही, पण त्या दिवशी जरा गप्प बसले.

मायचं म्हणणं अजून तेच आहे. "आठे र्‍हातीस ते संध्याकाळले नख हातमा दी दिधं असतं." म्हणजे इथे असतीस तर संध्याकाळपर्यंत नख काढून हातात दिलं असतं. खरं आहे. आमच्या मावसभावाचं जळगावला असंच काढलं. दुपारी दाखवलं, संध्याकाळी अंगठ्याला सुन्न करायचं इंजेक्शन देऊन अख्खं नख उपटलं आणि रात्री हा स्वतः मोटारसायकल चालवत घरी. वर्षभरात नवं नख आलं ते पुन्हा रुतूनच. परत उपटलं, परत तेच. नख मुळाशी जिथे तयार होतं तो भाग तसाच ठेवून नुसतं नख काढलं तर पुष्कळांचं असं होतं. शेवटी एका त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी कडेची फक्त अरुंद पट्टी काढली आणि तिच्या मुळाशी फिनॉल लावलं, म्हणजे त्या बाजूला नख पुन्हा उगवतच नाही. तेव्हापासून तो सुखी आहे. म्हणजे आपल्याकडे होत नाही असं मुळीच नाही, तेही त्याच जळगावात, आणि तारखेसाठी दोन महिने न थांबता. फक्त आधी कुणी सांगत नाही.

आणि मला तर आमच्या गल्लीत यायचे ते नाभिक मामा आठवतात. आजोबांची अंघोळ झाली की ओल्या नखांवर नराणी चालवायचे. तिची धार सपाट, त्यामुळे नख आडवं सरळ निघायचं, कोपरे जागच्या जागी. इथल्या बाईने पोराला नख कसं कापायचं ते शिकवलं ते नेमकं तसंच. सरळ, बोटाच्या टोकाबरोबर, फार आखूड नाही, कोपरे गोल करायचे नाहीत. दोन वर्षांच्या शिक्षणाचं मोल मी कमी करत नाही. पण मामांचं नाव कुठल्या कायद्यात नाही, एवढंच. आता पार्लरमध्ये पेडिक्युअर म्हणून कोपरे खोलवर कोरून गोल नखं करून देतात आणि आपण वर पैसे देऊन येतो.

हे वाचून घरात कुणी शुगरच्या माणसाचा पाय गरम पाण्यात घालू नका. नानांना शुगर आहे. त्यांच्या पायातून चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना दोन पावलांनी कळतं. पाणी किती गरम आहे हे अशा पायाला समजत नाही, आणि छोटी जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यांच्या नखाला घरात हात लावायचाच नाही, डॉक्टरकडेच न्यायचं. मी धाकट्या भावाला फोन करून नानांची पावलं तपासून आणायला सांगितली. "वहां सब ठीक आहे ना, मग इथलं कशाला बघते?" असं तो आधी म्हणाला. पण गेला घेऊन. टाचेला भेग निघाली, बाकी ठीक. आता नाना घरातही चप्पल घालतात आणि माय त्यावरून रोज कुरकुर करते, देवघराशी चप्पल कशी चालेल म्हणून. त्यावर त्यांनी तोड काढलीय, देवघरासाठी वेगळे कापडी जोडे आणलेत.

पोराच्या नखावरची पट्टी अजून एकदा बदलायची आहे. फुटबॉलचे नवे बूट एक नंबर मोठे घेतले, समोर अंगठ्याला हलायला जागा राहील असे. कोचला ते ढगळ वाटतात. वाटू देत.