फिलिदोरचा बचाव आणि पंचांकडे केलेला दावा

बुद्धिबळाच्या स्विस लीगमध्ये समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. पहिला डाव जिंकला की पुढे वरचढ गडी मिळणार हे धरूनच चालायचं. गोव्यातल्या ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियमवर खुल्या स्पर्धेत माझ्यासमोर आला तमिळनाडूचा एक शाळकरी मुलगा. मानांकनात माझ्याहून ३०० गुणांनी वर.

माझी काळी मोहरी. फ्रेंच बचावाने सुरुवात, मग वजिरावजिरी (दोघांचेही वजीर पटाबाहेर), आणि चौथ्या तासाला पटावर उरले दोन राजे, दोन हत्ती आणि त्याचं ई५ वरचं प्यादं. फोंड्याच्या आमच्या क्लबात मुलांना मी हीच स्थिती सगळ्यात आधी शिकवतो. फ्रेंच खेळाडू फिलिदोरने १७७७ साली दाखवलेला बचाव! राजा प्याद्यासमोर ई८ वर, हत्ती पांढऱ्याकडून मोजून सहाव्या आडव्या रांगेत; म्हणजे पांढऱ्या राजाला तिथे पाय ठेवता येत नाही. प्यादं सहाव्या घरात सरकलं की त्या राजाचा शहांपासूनचा आडोसा जातो. मग आपला हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शहावर शह द्यायचे.

मुलालाही हे पाठ होतं, म्हणून तो प्यादं ढकलेना. त्याचा हत्ती ए७, बी७, पुन्हा ए७. माझा एच६, जी६, एच६. घड्याळात दोघांकडेही फारसं काही उरलं नव्हतं, पण दर चालीमागे ३० सेकंद जादा मिळत असले की शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात. माझ्या मते ही सक्ती फार मोलाची आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय, हे मला कागदावरच दिसलं. एकच स्थिती तीनदा आली की पंचांकडे बरोबरीचा दावा करता येतो.

दावा करताना चाल खेळायची नसते, फक्त लिहायची. मोहऱ्याला बोट लागलं की त्या चालीपुरता हक्क गेला. मी 'हत्ती जी६' लिहिलं, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

"आधी कुठल्या चालींना आली होती?" पंच मॅडमनी विचारलं. मी दोन्ही जागा दाखवल्या. दावा फेटाळला असता तर मुलाला दोन मिनिटं जादा मिळाली असती. त्यांनी दोघांचे कागद शेजारी ठेवून एकेक चाल पडताळली आणि बरोबरी दिली.

मानांकनातल्या फरकावरून माझा अपेक्षित गुण ०.१५, मिळाला अर्धा. या फरकाला ज्या आकड्याने गुणायचं तो माझा के-फॅक्टर २०, म्हणजे मानांकनात ७ गुणांची भर.

"अंकल, वजीर ठेवला असता तर?" बाहेर येताच मुलाने विचारलं. आम्ही तिथेच पट मांडला. वजीर ठेवून त्याने माझ्या राजाची चांगलीच कोंडी केली.