तुम्ही विचारलंत म्हणून: चौकट एक, मग ऑडिट इतके का?

"सगळे नियम एका सामायिक नियंत्रण चौकटीत बसवले म्हणता, मग वर्षभर कोणी ना कोणी ऑडिटर येतोच कसा?" हा प्रश्न मला वित्त विभागातून, विक्री विभागातून आणि अलीकडे घरातूनही विचारला जातो. ही चौकट म्हणजे वेगवेगळ्या नियमांच्या सारख्या मागण्या एकत्र मांडणारी आमची एक्सेल शीट. तिच्यामुळे ऑडिट कमी होतील, असे आश्वासन मी कधीही दिलेले नव्हते. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र देणारे, पीसीआय डीएसएस या कार्ड-डेटाच्या सुरक्षा मानकाचे मूल्यांकन करणारे आणि जीडीपीआर या युरोपीय गोपनीयता कायद्यासाठी तपासणीला येणारे युरोपीय ग्राहक वेगवेगळे आहेत. आमच्या एक्सेल शीटने त्यांचे अधिकार एकत्र होत नाहीत. कमी होते ते पुरावे गोळा करण्याचे काम. अ‍ॅक्सेस रिव्ह्यू (कोणाला कोणत्या यंत्रणेत प्रवेश आहे याची फेरतपासणी) पीसीआयला दर सहा महिन्यांनी हवा असतो, आयएसओ ठरावीक मुदत सांगत नाही. आम्ही तो सहामाही करतो आणि सही झालेला तोच कागद सर्वांपुढे ठेवतो. पूर्वी एकाच स्क्रीनशॉटसाठी सिस्टिम अ‍ॅडमिनच्या मागे तीन माणसे लागत. मला एवढा लाभ पुरेसा वाटतो.

तरीही लॉगच्या (यंत्रणेत कोणी, कधी, काय केले याच्या नोंदींच्या) बैठकीनंतर हा प्रश्न मला पूर्वीइतका अडाणी वाटत नाही. मॅपिंग करताना, म्हणजे नियमांच्या मागण्या चौकटीत जुळवताना, आमचा नियम साधा होता: अनेक ठिकाणी एकच मागणी असेल तर सर्वांत कडक ती घ्यावी, बाकीच्या आपोआप पूर्ण होतात. सर्ट-इन या भारताच्या सायबर-सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग मागतात, पीसीआय १२ महिन्यांचे. म्हणून सर्व यंत्रणांसाठी १२ महिने लिहिले गेले. बैठकीत युरोपीय ग्राहकाच्या प्रायव्हसी अधिकारी बाईंनी विचारले, की ज्या मदतकक्षाच्या यंत्रणेतून कार्डाचा एकही क्रमांक जात नाही, तिथे लोकांची नावे आणि आयपी पत्ते वर्षभर कशासाठी ठेवता? चौकटीत तसे आहे, असे मी सांगितले. "तुमची चौकट हा कायदेशीर आधार कधीपासून झाला?" असे त्यांनी शांतपणे विचारले. शेजारी बसलेले आमचे सुरक्षाप्रमुख उसळून म्हणाले, की घुसखोरी अनेकदा महिन्यांनी उघडकीस येते, तेव्हा लॉग नसतील तर माग काढायचा कसा? दोघांचेही म्हणणे योग्य होते. सुरक्षेला कडक म्हणजे जास्त काळ ठेवणे, गोपनीयतेला कडक म्हणजे लवकर पुसणे. आमच्या रकान्यात मात्र कडकपणाला एकच दिशा होती. अखेर मदतकक्षाच्या लॉगमधील नावे १८० दिवसांनंतर झाकायचे ठरले आणि ते कंट्रोल, म्हणजे चौकटीतली लॉगची ती ओळ, यंत्रणेनुसार फोडावे लागले.

गोपनीयता हा सुरक्षेचाच एक भाग आहे, असे मानणारा पूर्वीचा मी अजून वाद घालतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियमच वर्षभर लॉग ठेवायला सांगतात, मग भांडण कसले, असे तो विचारतो. युरोपातून आलेला डेटा पुण्यात साठवला म्हणून त्याच्यामागचा जीडीपीआर सुटत नाही, असे मी म्हणतो. त्यावर तो विचारतो, की प्रत्येक अपवादाला वेगळी ओळ दिलीस तर चौकट एक कुठे राहिली? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. डेटा पुसण्याच्या विनंतीचे कंट्रोल तर मी अजून फोडलेलेच नाही. बॅकअपमधील प्रतींचे काय करायचे, यावर सुरक्षा आणि प्रायव्हसी हे दोन्ही विभाग मला स्वतंत्र मेल पाठवत आहेत.